कनिष्ठ व्यवस्थापकांच्या वार्षिक मूल्यमापनाविषयी अनावृत पत्र

निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे

प्रति,
निघोजे, महाळुंगे, कुरुळी, चाकण आणि पिंपरी-चिंचवड येथील कारखान्यांचे संचालक, प्लांट हेड व मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,



आपणांपैकी कित्येकांबरोबर मी एकाच शेडमध्ये उभा राहून काम केले आहे, आणि ज्यांचा परिचय नाही त्यांच्याविषयीही माझ्या मनात आदरच आहे. कारण ज्या शिवारात एके काळी बाजरी आणि कांदा यांपलीकडे फारसे काही निघत नसे, त्याच शिवारात तयार झालेल्या मोटारी आज देशोदेशींच्या रस्त्यांवर धावतात, ही गोष्ट कोणाच्या तरी दूरदृष्टीशिवाय आणि अविश्रांत परिश्रमांशिवाय घडलेली नाही. माझे सारे आयुष्य उत्पादन विभागात गेले; प्रथम माझे मूल्यमापन इतरांनी केले, पुढे इतरांचे मूल्यमापन मी केले, आणि आता निवृत्तीनंतर मुक्काम निघोज्यातच असल्यामुळे कंपनीच्या बसमधून उतरणारी तरुण मंडळी अधूनमधून घरी येतात आणि आपापली अप्रेझलची पत्रे माझ्यापुढे ठेवतात. ती पत्रे वाचून जे मनात साचत गेले ते आपणांपैकी एकेकट्याच्या कानी घालण्याऐवजी सर्वांसमक्ष मांडावे असे वाटल्यावरून हा पत्रप्रपंच करीत आहे.

ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते लोक कोण, हे आधी स्पष्ट केलेले बरे. डिप्लोमा किंवा पदवी घेऊन ट्रेनी म्हणून लागलेला, चार-सहा वर्षांनी ज्युनिअर मॅनेजर किंवा असिस्टंट मॅनेजर झालेला, एखाद्या लाइनची, शिफ्टची, स्टोअरची किंवा क्वालिटीच्या एखाद्या टेबलाची जबाबदारी शिरावर असलेला हा तिशीच्या आसपासचा माणूस आहे. कामगारांना संघटना आहे. तीन-साडेतीन वर्षांनी वेतनकरार होतो, गेटवर गुलाल उधळला जातो, आणि कोणाला किती वाढ मिळाली हे त्या दिवशी साऱ्या चाकणला ठाऊक होते. या माणसाच्या मागे संघटना नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांस कामगारांच्या व्याख्येबाहेर ठेवले, आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या औद्योगिक संबंध संहितेनेही, पर्यवेक्षकांसाठीची वेतनमर्यादा १८,००० रुपयांवर नेण्यापलीकडे, ही रेषा तशीच राखली आहे. तेव्हा कामगार म्हणून त्याला श्रमन्यायालयाचा दरवाजा नाही आणि मालक म्हणून संचालकांच्या बैठकीचाही नाही. त्याच्या वर्षभराच्या कष्टांचा निवाडा जर कोठे होत असेल, तर तो आपण भरून घेत असलेल्या त्या एका फॉर्मवर होतो. एवढ्याचसाठी तो फॉर्म न्याय्य असणे ही त्याच्या बाबतीत इतर कोणाच्याही बाबतीत असेल त्याहून अधिक निकडीची गोष्ट आहे.

माझी मुख्य कैफियत थोडक्यात अशी आहे : ज्या गोष्टींवर या माणसाचा अधिकार चालत नाही, त्यांचा जाब त्याला विचारला जातो, आणि त्या जाबाचा निकाल त्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. बाकीच्या साऱ्या तक्रारी या एका तक्रारीच्या पोटातल्या आहेत.

वर्षारंभी त्याच्या हाती केआरएची, म्हणजे त्याच्याकडून अपेक्षित फलितांची, जी यादी पडते ती पाहावी. दैनंदिन उत्पादन, रिजेक्शनचे पीपीएम, डाउनटाइम, ओव्हरटाइमचा खर्च, गैरहजेरी, ग्राहकाच्या तक्रारी, कायझेनची संख्या, असे रकाने एकाखाली एक मांडलेले असतात आणि प्रत्येकापुढे भारांकाची टक्केवारी असते. आता यांतील कोणता रकाना त्याच्या हुकमतीखाली आहे? डाय झिजला आहे हे त्याने ऑगस्टमध्ये लिहून कळवले, नव्या डायची खरेदी जानेवारीत मंजूर झाली, मधल्या पाच महिन्यांचे रिजेक्शन मात्र त्याच्या नावावर जमा झाले. लाइनवर उभी असलेली निम्मी माणसे कंत्राटी; ठेकेदार बदलला की शिकवून तयार केलेले हात एका रात्रीत नाहीसे होतात, आणि गौरी-गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात ती माणसे बीडला, लातूरला, बिहारला गेली तर त्यांना थांबवून धरण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. तळेगाव चौकातील कोंडीत कच्च्या मालाचा ट्रेलर तीन तास अडकून पडतो, ग्राहक कंपनी आपले शेड्यूल सायंकाळी बदलते, वरचे साहेब त्याच रात्री नवे मॉडेल चालवून पाहा म्हणतात. आणि वर्षअखेरीस या सर्वांचे फलित एका आकड्यात गोळा होऊन तो आकडा त्याच्या कर्तृत्वाचे माप म्हणून वाचला जातो. फॉर्ममध्ये परिस्थितीचा रकाना नसतो. तो भरण्याचा प्रयत्न कोणी 'रिमार्क्स'मध्ये केलाच, तर सबबी सांगतो असा उलटा शेरा पदरी येतो.

आपल्या कारखान्यांपासून थोड्याच अंतरावर चाकणचा संग्रामदुर्ग आहे. १६६० साली शाएस्तेखानाच्या अफाट फौजेने त्याला वेढा दिला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा याने मूठभर शिबंदीनिशी तो भुईकोट ऐन पावसाळ्यात सुमारे दोन महिने झुंजवला, आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यानंतरच किल्ला मोगलांच्या हाती गेला. निव्वळ निष्पत्ती पाहणाऱ्याच्या दफ्तरात या प्रकरणाची नोंद 'किल्ला गमावला' एवढीच होईल. परंतु खानाने देऊ केलेली चाकरी नाकारून फिरंगोजी परतला तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याचा सन्मान केला आणि पुढे भूपाळगडाची किल्लेदारी त्याच्या स्वाधीन केली, असे इतिहास सांगतो. फौज किती होती, रसद किती होती, तट कसा होता आणि तेवढ्यावर या माणसाने किती दिवस काढले, हे प्रश्न तेथे विचारले गेले. निष्पत्तीची किंमत साधनांच्या संदर्भावाचून करता येत नाही, ही जाण चाकणच्या भूमीवर आजपासून साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी होती. मग आजच्या फॉर्मवर तिला एखादा रकाना का मिळू नये?

आता जी गोष्ट मला सर्वांत अधिक टोचते तिच्याकडे, म्हणजे चढ्या आकड्यामागे न पाहता दिल्या जाणाऱ्या बक्षिसाकडे, वळतो, आणि तिच्यावर थोडे अधिक लिहिल्याबद्दल क्षमा असावी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात राजसेवकांच्या परीक्षेवर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि प्रा. कंगले यांच्या अनुवादामुळे तो मराठी वाचकालाही सुलभ झाला आहे. ज्याने नेमून दिलेले काम सांगितल्याप्रमाणे किंवा त्याहून सरस पार पाडले त्याला स्थान आणि मान द्यावा, हे तर त्यात आहेच. पण त्याच्या लगतच कौटिल्याने अशा आशयाचे सांगितले आहे की, जो अधिकारी ठरल्याहून कमी महसूल आणतो तो राजाचे धन खातो, आणि जो दुप्पट महसूल आणतो तो प्रजेला खातो. अपेक्षेच्या दुप्पट आकडा पुढे आल्याबरोबर त्या अधिकाऱ्याला बक्षीस न देता, हा आकडा आला कोठून आणि त्याची किंमत कोणी मोजली याची चौकशी करावी, असा दंडक त्या वचनातून निघतो.

हा दंडक आपल्या प्रेस शॉपला लावून पाहावा. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांची बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये अशी योजना असते आणि पुढे प्रकाशाचा सेन्सर असतो, तो एवढ्याचसाठी की माणसाचा हात डायमध्ये असताना प्रेस खाली येऊ नये. एक बटण टेपने बांधून टाकले किंवा सेन्सर बंद केला, तर ताशी स्ट्रोक वाढतात. हे ऑपरेटरला ठाऊक असते, शिफ्ट इनचार्जला ठाऊक असते, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डिस्पॅच तुंबलेले असताना त्या टेपकडे डोळेझाक करणाऱ्याचा आकडा शेजारच्या शिफ्टपेक्षा चढा दिसतो. वर्षअखेरीस त्या चढ्या आकड्याला वरचे रेटिंग मिळते. ज्या दिवशी त्याच प्रेसवर एखाद्या वीस-बावीस वर्षांच्या कंत्राटी पोराची बोटे जातात, त्या दिवशी ती बोटे कोणाच्याही केआरएत नसतात. या पट्ट्यात बोटे गमावलेली माणसे शोधायला दूर जावे लागत नाही, हे आपणही जाणता.

माझ्या पाहण्यातील एका कारखान्यात, ज्याचे नाव येथे अप्रस्तुत आहे, एका तरुण इंजिनिअरने सेन्सर नादुरुस्त असलेला प्रेस दोन शिफ्ट बंद ठेवला. दुरुस्तीचा माणूस भोसरीहून यावयाचा होता, त्या दिवशी गुरुवार असल्यामुळे त्याचे वर्कशॉप बंद होते, आणि तोवर मशीन चालवू देणार नाही असे या मुलाने लेखी कळवले. डिस्पॅच चुकले, ग्राहकाचा कडक मेल आला. वर्षअखेरीस त्याच्या फॉर्मवर शेरा पडला की त्याला उत्पादनाची तळमळ नाही आणि त्याच्यात ओनरशिपचा अभाव आहे; इन्क्रिमेंट विभागात सर्वांत कमी मिळाले. त्या शेऱ्यावर सही करणारे गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे जो फॉर्म होता, त्यात थांबवलेल्या प्रेसला डाउनटाइम म्हणून मोजण्याची सोय होती. वाचलेला हात मोजण्याची सोय नव्हती. तो मुलगा पुढे नोकरी सोडून गेला, आणि त्या खात्यातील उरलेल्या चार जणांनी त्यातून जो धडा घ्यावयाचा तो घेतला. निअर-मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, नोंदींचेही असेच होते : जेथे अधिक नोंदी म्हणजे अधिक बेशिस्त असे समजून गुण कापले जातात, तेथे नोंदी बंद होतात, अपघात बंद होत नाहीत. म्हणून माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे की, सुरक्षिततेसाठी मशीन थांबवण्याचा अधिकार प्रत्येक कनिष्ठ व्यवस्थापकाला लेखी द्यावा, त्या अधिकाराच्या वापराबद्दल मूल्यमापनात एकही गुण कमी होणार नाही अशी हमी त्याच कागदावर द्यावी, आणि असामान्य चढ्या आकड्यांची चौकशी असामान्य उतरत्या आकड्यांइतक्याच कसोशीने करावी.

दुसरी तक्रार बेल कर्व्हची. फॉर्म भरला जातो, वरिष्ठ त्यावर गुण देतो, आणि मग मार्च-एप्रिलमध्ये कोठल्या तरी बंद खोलीत नॉर्मलायझेशनची बैठक भरते. शेकडा इतके उत्कृष्ट, शेकडा इतके मध्यम आणि शेकडा इतके निकृष्ट अशी वाटणी आधीच ठरलेली असते. प्रत्येक विभागप्रमुख आपल्या माणसांसाठी ओढाताण करतो, आणि ज्याचा साहेब गप्प बसणारा, त्याची माणसे खाली घसरतात. गेल्या वर्षी याला दिले म्हणून यंदा त्याला, हा नव्याने बदलून आलेला म्हणून खालचा, तो नाहीतरी नोकरी सोडण्याच्या विचारात आहे म्हणून त्याहून खालचा, असे हिशेब तेथे होतात, हे त्या बैठकांना बसलेला माणूस म्हणून मी सांगतो. घंटेच्या आकाराचा तो आलेख हा फार मोठ्या, यदृच्छेने निवडलेल्या समूहांच्या मोजमापांत दिसून येणारा गुणधर्म आहे. परीक्षा, मुलाखती आणि उमेदवारी यांच्या चाळणीतून पारखून घेतलेल्या सात माणसांच्या विभागात तो दिसलाच पाहिजे असा आग्रह धरणे गणिताला धरून नाही. सातांचे शेकडा दहा म्हणजे एकही पुरा माणूस होत नाही. तरीही कोणा एकाला पुरतेपणी निकृष्ट ठरवले जाते, आणि त्याच्या घरी त्या रात्री जे घडते ते त्या आलेखावर कोठे उमटत नाही.

या पद्धतीचा फार गाजावाजा अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या कारकिर्दीत झाला : वरचे वीस टक्के, मधले सत्तर, तळाचे दहा, आणि तळाच्यांनी वाट धरावी. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली आपल्याकडील अशी सक्तीची वाटणी बंद केली. खुद्द जनरल इलेक्ट्रिकही त्यानंतर वार्षिक क्रमवारीपासून दूर सरकली. जेथून हा प्रघात आपण आणला तेथे तो मोडीत निघाला असताना आपण तो जतन करून ठेवावा याचे कारण मला उमगत नाही. आणि ज्या गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांचे नाव आणि तत्त्वे आपल्या शॉप फ्लोअरच्या भिंतींवर फलकांत लावलेली आहेत, त्यांनी १९८६ सालच्या आपल्या ग्रंथात वार्षिक गुणांकनाची गणना व्यवस्थापनाच्या प्राणघातक रोगांत केली आहे. तांबड्या-पांढऱ्या मण्यांचा त्यांचा प्रयोग आपणांपैकी अनेकांनी प्रशिक्षणात पाहिला असेल : पेटीत तांबडे मणी मिसळलेले आहेत, कामगाराने फळी बुडवून मणी काढावयाचे आहेत, कोणाच्या वाट्याला कमी तांबडे येतात, कोणाच्या वाट्याला अधिक, आणि मुकादम एकाची पाठ थोपटतो, दुसऱ्याला तंबी देतो, वस्तुतः पेटी कोणी भरली हाच खरा प्रश्न असतो. पेटी भरण्याचा अधिकार आपला आहे. तांबडे मणी निघाल्याबद्दल फळी धरणाऱ्याला शिक्षा करणे थांबवावे, एवढेच माझे मागणे आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात तर असे आढळले की, व्यवस्थापकांना मिळणाऱ्या गुणांतील निम्म्याहून अधिक तफावत ही गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या कल-स्वभावातून आलेली असते. ज्याला आपण कनिष्ठाचे माप समजतो, ते पुष्कळ अंशी त्याच्या साहेबाचेच माप असते.

आपण म्हणाल, वेतनवाढीचा निधी मर्यादित असतो, तो कोठेतरी वाटून द्यावाच लागतो. मान्य आहे. मंदीच्या वर्षी सहा टक्क्यांहून अधिक परवडत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. या पट्ट्यातील माणसे समजूतदार आहेत, त्यांनी मंदी पाहिली आहे, लॉकडाउन पाहिला आहे. पण पैशाची टंचाई झाकण्यासाठी माणसाच्या गुणवत्तेत टंचाई दाखवणे, हे मला अनुचित वाटते. पैसा पुढच्या वर्षी येतो. अंगावर पडलेला शेरा दफ्तरातून पुसला जात नाही.

तिसरी गोष्ट सुनावणीची. आम्ही कारखान्यातील माणसे सरकारी कचेऱ्यांना नावे ठेवण्यात पुष्कळ वेळ घालवतो, म्हणून एक गोष्ट मुद्दाम लक्षात आणून देतो. सीमा सडक अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त नावाच्या एका कार्यकारी अभियंत्याला एका वर्षाच्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा मिळाला. बढतीसाठी 'अतिशय चांगला' हा शेरा आवश्यक होता. आणि आपल्याला 'चांगला' म्हटले आहे हे त्याला कोणी कळवलेच नव्हते. त्याची बढती हुकली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती प्रतिकूल असो वा अनुकूल, संबंधित अधिकाऱ्याला कळवली पाहिजे आणि तिच्याविरुद्ध म्हणणे मांडण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे, कारण बढतीच्या प्रसंगी 'चांगला' हा शेराही मारक ठरू शकतो. पुढच्याच वर्षी केंद्र शासनाने संपूर्ण अहवाल अधिकाऱ्याच्या हाती देण्याचा आणि त्यावर पंधरा दिवसांत निवेदन करू देण्याचा आदेश काढला, आणि २०१३ साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते तत्त्व पुन्हा उचलून धरले. सरकारी मूल्यमापनाचे दोष मला माहीत आहेत. तेथे सरसकट सर्वांना वरचे गुण वाटले जातात ही तक्रारही खोटी नाही. परंतु तेथील माणसाला आपल्यावर काय लिहिले गेले ते वाचता येते आणि त्याला उत्तर देता येते. आपल्या काचेच्या इमारतींत मात्र साहेबाने दिलेला चार हा आकडा बैठकीत तीन झाला, तर तो कोणी केला, कोणत्या कारणाने केला, हे त्या माणसाला कधीच समजत नाही. विचारले तर 'सिस्टिममध्ये तसे आले आहे' हे उत्तर मिळते. सर्वोच्च न्यायालयाचा तो निर्णय खासगी कंपन्यांना कायद्याने बंधनकारक नाही, हे मी जाणतो. त्यामागील न्यायबुद्धी मात्र आपणांस स्वेच्छेने स्वीकारता येईल. मूळ गुण, बदललेले गुण, बदलाचे कारण आणि बदलणाऱ्याचे नाव, या चार गोष्टी त्याला लेखी मिळाव्यात. आणि तक्रार असल्यास त्याच्या विभागाबाहेरच्या दोन व्यक्तींपुढे ती मांडता यावी, त्या तक्रारीचा पुढील वर्षी सूड घेतला जाणार नाही याची जबाबदारी प्लांट हेडने स्वतः घ्यावी.

पगाराची चर्चा आणि सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत उरकण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयीही लिहिले पाहिजे. जनरल इलेक्ट्रिकमध्येच साठच्या दशकारंभी झालेल्या आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, अशा बैठकीतील टीकेने काम सुधारत नाही, उलट बिघडते, आणि स्तुतीचाही फारसा परिणाम होत नाही. कारण समोरच्या माणसाचे सारे चित्त वाढीच्या आकड्याकडे लागलेले असते. हे परदेशचे म्हणून सोडून द्यावयाचे असेल, तर आपल्या महाराष्ट्रातीलच उदाहरण आहे. १९७४ साली लार्सन अँड टुब्रो कंपनीने अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांना आपली मूल्यमापन पद्धती तपासण्यासाठी पाचारण केले. त्यांनी फॉर्म सुधारून दिला नाही. कामाचे मूल्यमापन, पुढील पदासाठीच्या क्षमतेचा अंदाज, समुपदेशन, प्रशिक्षण आणि कारकिर्दीचा विकास ही निरनिराळी अंगे आहेत, ती ओळखून परस्परांशी जोडावीत, आणि त्यासाठी स्वतंत्र विभाग असावा, असे सुचवले. मनुष्यबळ विकास हा शब्द आज आपल्या दारांवरील पाट्यांवर आहे, तो भारतीय उद्योगांत रुजला तो त्या प्रयत्नातून. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या एका कंपनीला जे सुचले आणि साधले, ते निघोज्याच्या माळावर अशक्य असण्याचे कारण नाही. ऑक्टोबरात सुधारणेची बैठक, मेमध्ये पगाराची. पहिलीत दुसरीचा उल्लेखही नको.

भाषेचा प्रश्न आपणांस किरकोळ वाटेल. जुन्नर, आंबेगाव, परभणी, बुलढाणा येथून आलेला डिप्लोमाधारक लाइनवर मराठी-हिंदीत पंचवीस माणसे सांभाळतो, आणि वर्षअखेरीस त्याला सेल्फ अप्रेझल इंग्रजीत लिहावे लागते. ज्याची इंग्रजी सफाईची, त्याचे साधे काम भरीव दिसते. ज्याची अडखळती, त्याने महिनोन्महिने खपून केलेली सुधारणा दोन मोडक्या वाक्यांत मावते. त्याला मराठीत लिहू द्यावे. वाचणारे बहुतेक साहेब मराठीच आहेत.

तसेच स्त्रियांविषयी. कायद्याने २०१७ पासून प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची केली. मूल्यमापनाच्या फॉर्मने मात्र त्या आठवड्यांची दखल घेतलेली नाही. वर्षाचे लक्ष्य पूर्ण वर्षाचे, हजेरी अर्ध्या वर्षाची, म्हणून रेटिंग खालचे, असा प्रकार मी एकाहून अधिक पत्रांत वाचला आहे. शॉप फ्लोअरवर व्यवस्थापक म्हणून उभ्या राहणाऱ्या मुली आधीच थोड्या आहेत. जेवढे महिने काम केले तेवढ्याच महिन्यांच्या लक्ष्यावर त्यांचे मूल्यमापन व्हावे, यात कोणतीही मेहेरबानी नाही.

आणखी एक मागणी वरिष्ठांबद्दल आहे. विभागप्रमुख मार्चच्या अखेरीस एका बैठकीत दहा-बारा फॉर्म भरतो, तेव्हा त्याला फेब्रुवारीतील बिघाड आठवतो आणि जून महिन्यातील पुरुषार्थ आठवत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ सालीच सुचवले होते की, ज्या प्रसंगांत माणसाचे काम विशेष उठून दिसले किंवा विशेष उणे पडले, ते प्रसंग नोंदून ठेवावेत. महिन्याला प्रत्येक कनिष्ठाविषयी चार ओळींची अशी नोंद, तारखेसह आणि त्याला दाखवून, एवढे प्रत्येक विभागप्रमुखाकडून घ्यावे. आणि त्याच्या स्वतःच्या मूल्यमापनात, त्याच्या हाताखालची किती माणसे वर्षभरात काही नवे शिकली, किती सोडून गेली आणि का गेली, याला उत्पादनाच्या आकड्याइतकेच वजन द्यावे. आज त्याला या कामासाठी वेळ दिला जात नाही, शिक्षण दिले जात नाही, आणि मग त्याने लिहिलेल्या शेऱ्यांवर दुसऱ्यांच्या बढत्या ठरतात.

हे सारे एकदम करावे असे मी म्हणत नाही. येत्या एप्रिलपासून आपल्या कारखान्यातील एक विभाग निवडावा, शक्यतो प्रेस शॉप किंवा पेंट शॉप, जेथे माणसे सर्वांत अधिक दबावाखाली असतात. तेथील प्रत्येक कनिष्ठ व्यवस्थापकाच्या केआरएसमोर त्याचे अधिकार आणि त्याला मिळणारी साधने त्याच पानावर लिहावीत. जे साधन वेळेवर मिळाले नाही त्याची नोंद तिमाहीला करावी आणि त्याप्रमाणे लक्ष्य बदलावे. त्या विभागापुरती सक्तीची वाटणी रद्द करावी. आणि एका वर्षानंतर रिजेक्शन, अपघात, नोकरी सोडणाऱ्यांची संख्या ही शेजारच्या विभागाशी ताडून पाहावीत. निकाल माझ्या म्हणण्याविरुद्ध गेला तरी तो जाहीर करावा. असा नवा फॉर्म तयार करण्याच्या कामी माझा किंवा माझ्यासारख्या इतर निवृत्तांचा काही उपयोग होणार असेल, तर आम्ही कोणत्याही गुरुवारी कारखान्यात येऊन बसण्यास तयार आहोत. मानधनाची अपेक्षा नाही. मात्र त्या बैठकीला दोन-तीन कनिष्ठ व्यवस्थापकही बोलावलेले असावेत, आणि पहिले बोलणे त्यांचे असावे.



आपला,
या पट्ट्यातील एक निवृत्त उत्पादन-व्यवस्थापक